विश्लेषण : ‘कार नाइन्टीएट’चा जनक कोण? पॉल माउझर यांच्या रायफलचा चाप इतका जड का?

जगातील बहुतेक बोल्ट अ‍ॅक्शन रायफली आजही ज्या यंत्रणेवर चालतात, ती एका जर्मन कारागिराच्या मुलाने घडवली. पॉल माउझर हे त्यांचे नाव. त्यांच्या रायफलमधील मूळ चाप काढून हलका चाप घरीच बसवण्याचा छंद अमेरिकेत अनेक दशके चालू आहे. काम जेमतेम तासाभराचे. पण त्या तासाभरात नेमके काय बदलते, आणि ते घडवणाऱ्या माणसाला काय सोसावे लागले, याविषयी…

पबजी किंवा बीजीएमआय खेळलेल्या बहुतेकांना ‘कार नाइन्टीएट’ माहीत असते. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ वर उचलायची, मागे खेचायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची, की दुसरी गोळी तयार. गेममध्ये या रायफलला स्कोप, सप्रेसर असे सुटे भाग बोटाच्या एका टॅपवर बसतात. प्रत्यक्षातली ही रायफल म्हणजे कारबिनर ९८ के. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या हाती होती ती. आणि तिची यंत्रणा १८९८ सालच्या मूळ माउझर रायफलची.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अशा लाखो रायफली अमेरिकेत स्वस्तात विकल्या गेल्या. शिकाऱ्यांनी त्या घेतल्या, लाकडी दस्ता कापून सुबक केला, दुर्बीण बसवली. मग तक्रार सुरू झाली ती चापाची. तो लांब आहे, जड आहे, दोन टप्प्यांत ओढावा लागतो, नेम हलतो. यातून तयार चापांचा एक वेगळाच बाजार उभा राहिला. टिम्नी ही त्यातली सर्वात परिचित अमेरिकी कंपनी १९४६ पासून या धंद्यात आहे.

मी मेकॅनिकलचा पदवीधर. एखादा भाग उगाच जड किंवा लांब ठेवलेला दिसला, की आधी तो तसा का ठेवला असेल हे शोधायची सवय लागलेली. इथे शोध घेत गेलो तर थेट नेकार नदीकाठच्या एका लहान गावात पोहोचलो.

ओबर्नडॉर्फमधला तेरावा मुलगा

पीटर पॉल माउझर यांचा जन्म २७ जून १८३८ रोजी ओबर्नडॉर्फ येथे झाला. तेव्हा एकसंध जर्मनी नव्हता. हे गाव वुर्टेम्बर्ग या छोट्या राज्यात होते. गावातल्या जुन्या ऑगस्टिनियन मठाच्या इमारतीत राजाचा बंदुकीचा कारखाना थाटलेला होता आणि पॉल यांचे वडील तिथे कारागीर होते. तेरा भावंडांत पॉल धाकटे. मोठ्या भावांप्रमाणेच तेही लहानपणी कारखान्यात जाऊ लागले. इंजिनीअरिंगचे औपचारिक शिक्षण असे काही नाही. हातात कानस आणि समोर वाइस, हीच शाळा.

१८५९ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते लुडविग्सबुर्गच्या शस्त्रागारात गेले. नेमणूक तोफखान्यात, काम मात्र बंदूक दुरुस्तीचेच. त्या काळात युरोपभर चर्चा होती प्रशियाच्या ड्रायझे ‘नीडल गन’ची. नळीच्या तोंडातून दारू ठासण्याऐवजी मागून काडतूस भरायचे, आणि दरवाजाच्या कडीसारखा बोल्ट सरकवून बंद करायचे. सैनिकाला आडवे पडून बंदूक भरता येऊ लागली. १८६६ च्या युद्धात प्रशियाने याच बंदुकीच्या जोरावर ऑस्ट्रियाला हरवले. वुर्टेम्बर्ग तेव्हा ऑस्ट्रियाच्या, म्हणजे हरणाऱ्या बाजूला होते.

पण ड्रायझेच्या बंदुकीत खोट होती. काडतूस कागदी असल्याने बोल्टच्या सांध्यातून तप्त वायू बाहेर फुटायचा, तोही चेहऱ्याच्या दिशेने. शिवाय आतली सुई ताणण्याचे काम सैनिकाला दर वेळी वेगळे करावे लागे. पॉल आणि त्यांचे चार वर्षांनी मोठे बंधू विल्हेल्म यांनी या दुसऱ्या अडचणीवर उपाय काढला. बोल्टची मूठ फिरवताच आतली स्प्रिंग आपोआप ताणली जावी, अशी रचना त्यांनी केली. शिवाय धातूच्या काडतुसासाठी फायरिंग पिन दिली. सैनिकाची एक कृती कमी झाली, आणि घाईत ती विसरण्याची भीतीही गेली.

कल्पना आपली, पैसा दुसऱ्याचा

वुर्टेम्बर्गच्या सरकारला या रायफलीत रस वाटला नाही. रस घेतला तो सॅम्युएल नॉरिस या अमेरिकी माणसाने. तो रेमिंग्टन कंपनीचा युरोपातला प्रतिनिधी होता. १८६७ मध्ये त्याने भावांशी करार केला आणि त्यांना बेल्जियममधील लीज या शस्त्रनिर्मितीच्या शहरात नेऊन बसवले. १८६८ मध्ये अमेरिकेत पेटंट निघाले, त्यावर माउझर बंधूंबरोबर नॉरिसचेही नाव होते. रेमिंग्टनने मात्र पाठ फिरवली, नॉरिसचे पैसे येणे थांबले आणि दोघे भाऊ पाठोपाठ गावी परतले.

पण तोवर रायफल प्रशियाच्या लष्कराच्या चाचण्यांत पोहोचली होती. १८७१ मध्ये नव्याने एकत्र आलेल्या जर्मनीने ती स्वीकारली. ११ मिलिमीटर कॅलिबरची, एका वेळी एकच काडतूस घेणारी ‘मॉडेल ७१’. इथे कुणालाही वाटेल की आता भावांचे दिवस पालटले. तसे झाले नाही. रायफली सरकारी कारखान्यांत बनू लागल्या आणि ज्यांनी ती घडवली त्या भावांच्या वाट्याला सुरुवातीला आली ती रायफलींवर बसवायच्या ३,००० नेमपट्ट्यांची ऑर्डर. स्टार्टअपच्या भाषेत सांगायचे तर प्रॉडक्ट हिट, फाउंडर मात्र व्हेंडर.

पुढे वुर्टेम्बर्गने १ लाख रायफलींचे काम दिले आणि १८७४ मध्ये बँकेच्या भागीदारीत भावांनी राजाचा तो जुना कारखानाच विकत घेतला. ज्या इमारतीत वडील कामाला जायचे, तिचेच ते मालक झाले. विल्हेल्म यांनी धंदा सांभाळला. देशोदेशी फिरणे, मंत्र्यांना भेटणे, सर्बियासारख्या देशांकडून करार आणणे ही कामे त्यांची. पॉल कारखान्यात. जानेवारी १८८२ मध्ये विल्हेल्म गेले. वय ४७. यंत्रात रमणाऱ्या पॉल यांच्यावर कागदपत्रांचा भारही येऊन पडला. १८८४ मध्ये कंपनीचे शेअर निघाले. १८८७ मध्ये बर्लिनच्या लुडविग लोव्हे कंपनीने तिचा ताबा घेतला. पॉल तांत्रिक प्रमुख म्हणून राहिले. त्याच वर्षी तुर्कस्तानने ५ लाख रायफली आणि ५० हजार कार्बाइनची अवाढव्य ऑर्डर दिली. त्या करारात तुर्कांनी एक चतुर अट घातली होती. दरम्यान काही सुधारणा निघाली, तर उरलेल्या रायफली सुधारित मिळाल्या पाहिजेत. ती अट त्यांनी पुढे वापरलीही.

सर्वात मोठा फटका घरातूनच बसला. १८८६ मध्ये फ्रान्सने धूर न करणारी दारू वापरणारी लेबेल रायफल आणली आणि जर्मन लष्कराची झोप उडाली. नवी रायफल बनवायला सरकारने समिती नेमली. समितीने माउझर यांना बाजूला ठेवून १८८८ मध्ये स्वतःची रायफल काढली. ५० वर्षांच्या पॉल यांना आपल्याच देशाच्या लष्कराने वगळले होते.

नव्वदीत काय बदलले?

यानंतरची दहा वर्षे मला त्यांच्या आयुष्यातली सर्वात श्रीमंत वाटतात. देशाने नाकारले म्हणून ते परदेशांसाठी काम करत राहिले. १८८९ मध्ये बेल्जियमने त्यांची रायफल घेतली. ती बनवण्यासाठीच हर्स्टालची एफएन ही कंपनी जन्मली. पाच काडतुसे एका पट्टीतून अंगठ्याने एकदम आत ढकलायची सोय त्यात होती. १८९३ मध्ये स्पेनसाठी ७ मिलिमीटरची रायफल आली. तिच्या दस्त्याच्या पोटात काडतुसे नागमोडी दोन रांगांत बसत, त्यामुळे बाहेर लोंबणारी पेटी नाहीशी झाली. १८९८ मध्ये क्युबात याच स्पॅनिश रायफलींनी अमेरिकी सैन्याला इतके जेरीस आणले, की अमेरिकेने पुढे स्वतःच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलमध्ये माउझर यांच्या कल्पना घेतल्या आणि त्यापोटी २ लाख डॉलर मोजले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध वापरल्या त्याही माउझरच.

आणि ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीने अखेर ‘गेव्हेअर ९८’ स्वीकारली. या रायफलीचे खरे वेगळेपण तिच्या वेगात किंवा अचूकतेत शोधू नये. काही बिघडले तर चालवणाऱ्याचे काय, याचा विचार तिच्यात जागोजागी दिसतो.

काडतूस पेटते तेव्हा नळीत वातावरणाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो. तो बोल्टच्या पुढच्या टोकाचे दोन कान पेलतात. माउझर यांनी मागे तिसरा कान दिला. रोजच्या कामात त्याच्यावर भार येत नाही. पुढचे दोन्ही तुटले तरच तो कामाला येतो. काडतुसाचे बूड फाटले तर वायू बोल्टमधून मागे येऊन डोळ्यांवर जाऊ नये म्हणून बोल्टच्या अंगाला दोन लांबट भोके ठेवली, त्यातून वायू बाजूला निघून जातो. तरीही काही मागे आलाच, तर तो अडवायला बोल्टच्या मागच्या टोपणाला रुंद कडा दिली. काडतूस बुडाशी पकडून ठेवणारी लांब पोलादी नखी तर आधीपासून होतीच. तिच्यामुळे घाबरलेल्या सैनिकाने बोल्ट अर्धवट ओढून पुन्हा ढकलला तरी एकावर एक दोन काडतुसे अडकत नाहीत.

ड्रायझेच्या बंदुकीतून चेहऱ्याकडे येणारा वायू आठवा. तरुणपणी दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलेली खोट या माणसाने चाळीस वर्षे डोक्यात ठेवली होती, असे मला वाटते.

मग चाप जड कशासाठी?

आता मूळ प्रश्न. बोल्टच्या मागे ताणलेल्या स्प्रिंगला पुढे जाऊ न देणारा पोलादाचा छोटा दात असतो, त्याला सीअर म्हणतात. चाप ओढला की दात खाली सरकतो, फायरिंग पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडाची टोपी फोडते. दात आणि पिन यांची पकड किती मिलिमीटरची, यावर सगळे अवलंबून. पकड कमी तर चाप हलका आणि कुरकुरीत. पण दस्ता जमिनीवर आपटला किंवा बोल्ट जोरात बंद केला तरी दात निसटण्याची भीती.

माउझर रायफलीत पकड भरपूर ठेवलेली आहे. मग एवढी पकड सोडवायची कशी? त्यासाठी चापाच्या डोक्यावर दोन उंचवटे आहेत. ओढायला सुरुवात केली की पहिला उंचवटा रायफलीच्या पोलादी तळाला टेकून दाताला बरेचसे खाली आणतो. हा झाला लांब, सैल पहिला टप्पा. मग दुसरा उंचवटा टेकतो, बोटाला अडसर जाणवतो आणि तिथून थोड्या जोराने गोळी सुटते. पहिल्या टप्प्यावरून बोट काढले, तर दात पूर्ण पकडीवर परत जातो. दोन टप्प्यांचा हा चाप एकट्या माउझर यांचा शोध नव्हे. त्या काळच्या लष्करांना तसाच हवा होता. हातमोजे घातलेला, थंडीने बोटे बधिर झालेला, खंदकात धावणारा सैनिक त्यामागे गृहीत धरलेला आहे. ओढायला लागणारा जोर अडीच-तीन किलोच्या घरात. शिकाऱ्याला साधारण त्याच्या निम्मा हवा असतो.

बदली चाप बसवताना रायफल रिकामी करतात, बोल्ट काढतात, दस्त्याचे दोन स्क्रू सोडून लोखंडी भाग वेगळा करतात, आडवी पिन ठोकून मूळ चाप व सीअर बाहेर काढतात आणि त्याच पिनेवर नव्या चापाची डबी बसवून घट्ट करतात. काही चापांसाठी दस्त्याचे लाकूड थोडे कोरावे लागते. मग बारीक स्क्रूंनी जोर, पकड आणि गोळी सुटल्यावर चाप किती पुढे जाईल ते ठरवतात. वाचायला सोपे आहे, हातानेही तितकेच सोपे.

गोची आहे ती सेफ्टीत. माउझर ९८ ची पंखासारखी सेफ्टी चापाला अडवतच नाही. ती फायरिंग पिनलाच पकडून दातापासून केसभर मागे उचलते. दात मोकळा राहतो. आता नवा दात थोडा उंच असेल, तर सेफ्टी लागणारच नाही. सेफ्टी लागलेली असताना कुणी चाप ओढून सोडला आणि नवा दात पुरता वर आला नाही, तर सेफ्टी काढताक्षणी गोळी सुटेल. बोटाचा चापाला स्पर्शही नसताना. शंभर वर्षांपूर्वीची रायफल, वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेली, वापराने झिजलेली, आणि चाप कालच्या मशीनवरचा. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगच्या जॉबवर एकदा कानस जरा जास्त चालवली, तेव्हा फक्त मार्क गेले होते. इथे तेवढ्यावर भागत नाही.

म्हणूनच जाणकार बंदूक कारागीर चाप बसवल्यावर तीन गोष्टी रिकाम्या रायफलीवर पुन्हा पुन्हा पाहतात. बोल्ट जोरात आपटून बंद करायचा. सेफ्टी लावून चाप ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. आणि दस्त्याला रबरी हातोडीचे ठोके द्यायचे. या तिन्हींत एकदाही पिन सुटली, तर चाप पुन्हा बाहेर.

भारतात हा प्रश्न घरच्या टेबलावर येतच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा तिच्यात बदल करण्यासाठीही परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, ती उघडून दुरुस्त करण्याचा वेगळा. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातली परवान्याची रायफल आहे, त्यांनी व्हिडीओ पाहून पान्हा हातात घेण्याआधी एवढे ध्यानात ठेवावे.

१९०१ : एक डोळा गेला

‘गेव्हेअर ९८’ नंतर पॉल माउझर साठीत होते. जर्मन संसदेवर ते १८९८ ते १९०३ या काळात निवडून गेलेले होते. आराम करता आला असता. त्यांना मात्र बोल्ट हाताने ओढावाच लागू नये, अशी स्वतः भरून घेणारी रायफल करायची होती. १९०१ मध्ये अशाच एका प्रायोगिक रायफलीची चाचणी घेताना अपघात झाला आणि त्यांचा एक डोळा गेला.

सैनिकाचे डोळे वाचावेत म्हणून तीन-तीन उपाय करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याला योगायोगाखेरीज दुसरे नाव नाही. फरक एवढाच, की ९८ ही घडून, तपासून, सुधारून झालेली रायफल होती आणि हातातली अजून घडत होती. नेम धरून पहिली गोळी झाडायचे काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवले नव्हते, हेही यातून दिसते. एका डोळ्यानिशी ते पुढेही त्याच रायफलीमागे लागले. नवे आराखडे, नवी पेटंटे निघत राहिली. लष्कराने सर्वत्र वापरावी अशी स्वयंभरण रायफल मात्र त्यांच्या हातून झाली नाही.

१९१२ मध्ये वुर्टेम्बर्गच्या राजाने त्यांना सरदारकी दिली आणि ते पॉल फॉन माउझर झाले. २९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फमध्येच त्यांचे निधन झाले. जेमतेम दोन महिन्यांनी पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांची ९८ लाखो हातांत गेली.

आपल्याकडे ‘माउझर’ म्हणजे पिस्तूल का?

भारतात माउझरची रायफलही आली होती. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही माउझर यंत्रणेवरच बांधलेली आणि तिचे काडतूस म्हणजे माउझरचे ७ मिलिमीटर. पण बातम्यांमध्ये, पोलिसांच्या पंचनाम्यात आणि क्रांतिकारकांच्या इतिहासात माउझर म्हटले की डोळ्यांपुढे येते ते लाकडी मुठीचे, पुढे काडतुसांची पेटी असलेले सी ९६ पिस्तूल. पॉल यांच्या निधनानंतर तीनच महिन्यांनी, २६ ऑगस्ट १९१४ रोजी, कोलकात्यात रोडा कंपनीचा माल क्रांतिकारकांनी पळवला, त्यात ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे होती. १९२५ च्या काकोरी कटातही माउझर पिस्तुलेच होती.

हे पिस्तूल मुळात पॉल यांनी घडवलेलेच नाही. त्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या फीडर्ले आडनावाच्या तीन भावांनी ते तयार केले. पेटंट मात्र माउझर यांच्या नावे निघाले. नॉरिसबरोबरच्या कटू अनुभवाला तेव्हा पुरती तीस वर्षेही झाली नव्हती.